अवयवप्रत्यारोपण आणि औषधांचा परस्परविरोध : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अवयवप्रत्यारोपणाचा इतिहास बहुधा शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणून मांडला जातो. वस्तुतः तो औषधांचाही इतिहास आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९६५ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला. वेल्लोर येथे १९७१ मध्ये यश आले. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. त्यांपैकी सायक्लोस्पोरिनला अमेरिकेत १९८३ मध्ये मान्यता मिळाल्यावर प्रत्यारोपणास स्थैर्य लाभले.

तथापि प्रतिकारशक्ती दडपली की क्षयरोग डोके वर काढतो. क्षयावरील प्रमुख औषध रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना उत्तेजित करते. परिणामी रक्तातील सायक्लोस्पोरिन घटते आणि अवयव नाकारला जाण्याचा धोका वाढतो. याउलट केटोकोनॅझोल हे बुरशीनाशक ते प्रमाण वाढवून मूत्रपिंडास अपाय करू शकते. भारतीय डॉक्टरांनी याच गुणधर्माचा उपयोग करून महागड्या सायक्लोस्पोरिनची मात्रा व खर्च कमी केला.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ महाराष्ट्रात फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. त्याने अवयवदानाचे नियमन केले. रुग्णाच्या पुढील औषधांचा मेळ घालणे हा त्याचा विषय नव्हता. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील रुग्णाची शस्त्रक्रिया महानगरात आणि खोकल्यावरील उपचार तालुक्याला झाल्यास दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच शरीरात एकत्र येतात. क्षयाचा उपचार टाळणे हा मार्ग नव्हे. रिफाब्युटिनचा पर्याय अथवा रक्तपातळी तपासून मात्राबदल शक्य असतो. त्यासाठी पहिल्या चिठ्ठीची माहिती दुसऱ्या डॉक्टरपर्यंत पोहोचणे अत्यावश्यक ठरते.