जुन्या शस्त्रावरील खुणा

आपल्या ज्ञातीतील मुदखेड येथील एका घराण्यात परवान्याचे जुने रिव्हॉल्व्हर आहे. खापरपणजोबांनी ते १८५७ च्या धामधुमीत कमरेस लाविले होते, अशी घरची समजूत. प्रस्तुत लेखकाने चक्र रिकामे करवून भिंगाने पाहिले, तो वरच्या पट्टीवर 'वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड' ही अक्षरे! त्या इंग्रज कंपनीने हे नाव १९०६ साली धारण केले. नळीवर मुकुटाखाली 'एनपी' असा ठसाही होता; बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहात धूरविरहित दारूचा जादा बार सोसलेल्या शस्त्रावर तो १९०४ पासून मारीत. सत्तावनचे रिव्हॉल्व्हर तर सुटी दारू व टोपी घालून उडे. वडीलधारी मंडळी थोडी खट्टू झाली.

खरा घोर क्रमांकाचा होता. दर खंडेनवमीस विटेच्या भुकटीने घासून सांगाड्यावरील शेवटचा आकडा झिजलेला! १९५९ च्या शस्त्र कायद्याने क्रमांक पुसण्यास वा बदलण्यास मनाई आहे. हेतू कितीही शुद्ध असो, तो परवान्याशी न जुळल्यास घरधन्यासच उत्तर द्यावे लागते. तिरप्या उजेडात धरल्यावर सात हा आकडा उमटला व परवान्याशी जुळला. आता पूजेच्या वेळी केवळ तेलाचे फडके फिरवितात.