जत रोडचे जुने स्टेशन

आगगाडीच्या स्टेशनांच्या नावांस कोठे कोठे जोडलेला ‘रोड’ हा शब्द मोठा प्रामाणिक आहे. ज्या गावाचे नाव आपण मिरवितो ते गाव येथे नाही, येथून त्याची केवळ वाट फुटते, अशी कबुलीच त्यात दिलेली असते. सातारा रोड, कुंडल रोड, बार्शी रोड आणि जत रोड ही चार नावे वाचकांच्या परिचयाची असतील. त्यांपैकी सर्वांत उपेक्षित जे जत रोड, त्याच्याविषयी येथे चार शब्द लिहावे असा आमचा मानस आहे. त्या नावाचे स्टेशन आज रुंद मार्गावर आहे हे खरे. परंतु ज्या अडीच फुटी रुळांमुळे ते नाव जन्मास आले, त्या रुळांवरील स्टेशन २००८ साली निकालात निघाले.

त्या रुळांची कथा बार्शीपासून सुरू होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराचे असे मत होते की, दरिद्री मुलखास आगगाडी परवडावयाची तर ती हलकीच असली पाहिजे. चाकांच्या एका जोडीवर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही. म्हणजे हलके रूळ चालतात, पूल स्वस्तात होतात आणि गावोगाव थांबणे परवडते. या तत्त्वावर बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली धावू लागली. पुढे ती १९०६ साली पंढरपुरास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोहोचली. मिरजेस पुणे-बेळगावकडील मीटर मार्ग पूर्वीच होता. त्यास हा नवा मार्ग येऊन मिळाला.

मिरज सोडून गाडी पूर्वेस निघाली की कृष्णाकाठची काळी जमीन मागे पडे आणि कवठे महांकाळ, ढालगाव या बाजूचा माळ सुरू होई. हा पाऊस चुकविणारा मुलूख. ढालगावापुढे, सांगोल्याच्या अंगास, जत रोड. डफळ्यांचे जत संस्थान १९४८ साली विलीन झाले. त्याच्या राजधानीस रूळ कधी लागलेच नाहीत. तिच्या वाट्यास आले ते हे दूरचे स्टेशन.

१९८० च्या सुमारास, वडिलांचे बोट धरून, आम्ही या गाडीने पंढरपुरास गेलो होतो. डब्यांत जागा नव्हती. टपावरही वारकरी बसले होते. एका थांब्यावर उतरलेल्या वृद्ध बाईने, ‘जत किती लांब?’ असे विचारले. गाठोडे खाली देणारा हमाल हसून म्हणाला, ‘मावशी, गाडी हितवर येती; जत काय गाडीकडं येत न्हाई.’ त्या वेळी आम्हांसही हसू आले. पुढे इतिहास शिकविताना मात्र ते वाक्य वारंवार आठवू लागले.

कारण चारही ‘रोडां’चे प्राक्तन त्या एका वाक्यात आहे. कुंडल रोडजवळच्या माळावर औंध संस्थानाच्या आश्रयाने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभारला, तेव्हा माणसे स्टेशनाकडे आली आणि स्टेशनाचे नावच किर्लोस्करवाडी झाले. सातारा रोडास कूपर यांच्या कारखान्याने जिवंत ठेविले. बार्शी रोडाचे कुर्डुवाडी झाले; तेथे इंजिनांची कर्मशाळा निघाली. जत रोडास असा आश्रयदाता लाभला नाही. रूळ माणसास केवळ उंबरठ्यापर्यंत नेतात. घर बांधावयास उद्योग लागतो, आणि शेतीस पाणी लागते. या दोहोंवाचून स्टेशन म्हणजे नुसती वाट पाहण्याची जागा होय.

हलकेपणा हाच त्या मार्गाचा गुण. त्याच्या मरणाचे कारणही तोच. येथील पोते पुण्या-मुंबईस जावयाचे तर ते मिरजेस किंवा कुर्डुवाडीस एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. १९५४ साली सरकारने हा मार्ग आपल्या ताब्यात घेतला. १९७१ साली पुणे-मिरज मार्ग रुंद झाला, आणि पुढे कित्येक वर्षे मिरजेस तिन्ही मापांचे रूळ एकत्र नांदले. मालमोटारी वाढल्यावर मुंगीच्या पावलाने चालणारी गाडी टिकणे शक्यच नव्हते. रुंद मार्ग झाला हे योग्यच झाले. दुष्काळी प्रांतावर स्वस्तातली गाडी कायमची लादून ठेवावी असे आम्ही म्हणणार नाही.

आमचे म्हणणे इतकेच की, गेलेल्या वस्तूची नोंद ठेवावी. याच कॅलथ्रॉपने इंग्लंडात मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात अडीच फुटांचाच एक मार्ग बांधला. तो १९०४ साली सुरू झाला व अवघ्या तीस वर्षांत बंद पडला. परंतु १९३७ साली लोकांनी त्याची पायवाट केली, आणि आजही ते त्या वाटेने हिंडतात. आमच्याकडे राजवाड्यांचा व किल्ल्यांचा इतिहास लिहिला जातो, आणि तो अवश्य लिहावा. परंतु ज्या रुळांवरून पूर्वेकडचा शेतकरी पहिल्याने मिरजेची पेठ पाहावयास गेला, आणि ज्यांवरून आषाढीस त्याची आई पंढरीस गेली, त्यांचाही एक अध्याय असावयास हवा. त्या गाडीने प्रवास केलेली माणसे अजून गावोगाव आहेत. तरुण अभ्यासकांनी वही घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे. रूळ उखडले ते उखडले. आठवणीही त्यांच्या मागोमाग जाऊ देणे हा मात्र आमचाच आळस ठरेल.