आधी शेजार की आधी घर?

पिंपरीचे संत तुकाराम नगर म्हाडाची वसाहत म्हणून आपल्याला परिचित आहे. नोकरीसाठी गाव सोडून आलेली माणसे अशा वसाहतींत एकाच जिन्याने चढणारे शेजारी झाली. त्यांचा विचार करताना आम्हाला एक जुना प्रश्न पडतो : शेजार आधी जमावा आणि त्याने घर बांधावे, की घर आधी मिळावे आणि मग शेजार जुळावा?

महाराष्ट्राने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे अनुभवली आहेत. १८९६ च्या प्लेगने मुंबईला कोंदट चाळींचे भय दाखवले. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज अन्य कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची वाट मोकळी केली. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली आणि १९१८ मध्ये वांद्र्याला साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था. वसईत आजच्या बॅसीन कॅथलिक बँकेचा पायाही त्याच वर्षी घातला गेला. सामान्य मिळकतीच्या माणसाला एकट्याने जे साधत नव्हते, ते समाजाने मिळून साधले. मात्र येथे शेजार आधीच ठरलेला होता. तो आपल्याच माणसांचा होता, आणि इतरांना त्यात जागा नव्हती, हेही आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

पिंपरीत क्रम उलटा झाला. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आणि १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले. कामगारांना घर देणे हे शासनाचे धोरण ठरले. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या म्हाडाच्या पद्धतीत आधी घरे बांधून त्यांचे वाटप होते आणि मागाहून रहिवाशांची संस्था नोंदली जाते. येथे शेजारी कोणी निवडलेला नसतो. भिन्न जातिधर्मांच्या कुटुंबांना पाणी, जिना आणि अंगण यांच्या निमित्ताने एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते. वांद्र्याच्या सहकारापेक्षा हा सहकार आम्हाला अधिक कठीण वाटतो, आणि म्हणूनच अधिक मोलाचा.

प्राधिकरण स्थापन झाले त्याच १९७२ साली डेन्मार्कमध्ये हिलेरॉडजवळ २७ कुटुंबांची सेटेडामेन ही वसाहत पूर्ण झाली. प्रत्येकाचे घर स्वतंत्र, पण मध्ये सर्वांचे एक सामाईक घर. आज जगभर ज्याला सहनिवास म्हणतात, त्याचा हा आरंभ मानला जातो.

आपल्या नगरविकासाच्या धोरणात गाळे मोजले जातात, चटईक्षेत्र मोजले जाते. शेजार मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. मार्च २०२२ पासून संत तुकाराम नगराच्या नावाचे मेट्रो स्थानक सुरू आहे. अशा ठिकाणी जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा विषय आज ना उद्या निघणारच. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी २०१९ च्या शासननिर्णयाने एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती पुरेशी ठरवली. म्हणजे निर्णय सर्वसाधारण सभेच्याच हाती आहे.

त्या सभेत आपण किती चौरस फूट वाढवून मिळतील हे जरूर विचारावे. पण मुलांनी खेळायचे कोठे, म्हाताऱ्यांनी बसायचे कोठे आणि चार घरांनी एकत्र यायचे कोठे, हेही त्याच सभेत, नकाशावर सही करण्यापूर्वी विचारावे. इमारत पुन्हा बांधता येईल; वर्षानुवर्षांचा शेजार एकदा विखुरला की पुन्हा जमवणे अवघड.