वखारीतला शेवटचा हिशेब: सुरतेच्या जुन्या ख्रिस्ती कबरी

सुरतेच्या कतारगाव दरवाजाजवळ सतराव्या शतकातील इंग्रज व्यापाऱ्यांचे कबरस्तान आहे. जवळच्या भागात डच आणि आर्मेनियन लोकांची थडगी आहेत. या कबरींकडे सहसा वास्तुकलेचा नमुना म्हणून पाहिले जाते, कारण युरोपीय माणसांवर उभारलेले हे घुमट मोगली थाटाचे आहेत. पण त्यांवर कोरलेला मजकूर अधिक मोलाचा आहे. मरण केव्हाही येईल, म्हणून माणसाने तयार असावे, ही शुभवर्तमानांतील शिकवण सुरतेत व्यापाऱ्यांच्या जमाखर्चाच्या भाषेत मांडली गेली.

मुळात ही शिकवणच हिशेबाच्या भाषेत आहे. मत्तयाच्या चोविसाव्या आणि पंचविसाव्या अध्यायांत येशू एकामागून एक दाखले देतो. चोर कोणत्या प्रहरी येईल हे घरधन्याला ठाऊक नसते. दहा कुमारींपैकी पाच जणींच्या दिव्यांत ऐन वेळी तेल नसते आणि लग्नघराचे दार बंद होते. धनी परदेशी जाताना चाकरांच्या हाती पैसा सोपवतो आणि पुष्कळ काळाने परतून हिशेब मागतो. लूकच्या बाराव्या अध्यायातला धनवान मोठी कोठारे बांधायचे मनसुबे रचतो आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. लंडनच्या कंपनीने सोपवलेल्या भांडवलावर सुरतेत व्यापार करणाऱ्या माणसाला यांतली एकही गोष्ट परकी नव्हती. त्याचाही धनी दूर होता, पत्राचे उत्तर यायला वर्ष उलटत असे आणि वह्या तपासायला कोण केव्हा येईल याचा नेम नसे.

मरणही तसेच बिनबोभाट येई. विल्यम हॉकिन्स १६०८ मध्ये सुरतेला उतरला आणि पुढच्या काही वर्षांत इंग्रजांची वखार उभी राहिली. पश्चिम आशियातून पायी हिंदुस्थान गाठणारा प्रवासी थॉमस कोरियट डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेतच वारला. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत गुजरातची गावे ओस पडली. वखारीचा प्रमुख टॉमस रॅस्टेल १६३१ मध्ये गेला. शतकाच्या अखेरीस आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने मुंबईच्या इंग्रजांत रूढ असलेली एक म्हण नोंदवली आहे. नव्याने आलेल्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असा तिचा आशय आहे.

अशा ठिकाणी वखारीची दिनचर्या प्रार्थनेने बांधलेली होती. ओव्हिंग्टनच्या वर्णनाप्रमाणे सकाळी सहाला, कामाला हात घालण्यापूर्वी, आणि रात्री आठच्या सुमारास, कामे उरकल्यावर, सगळ्यांना प्रार्थनेला हजर राहावे लागे. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकातील विनंतीमालेत अकस्मात मृत्यूपासून सोडवण्याची याचना आहे. तिच्यामागची भीती मरणाची कमी आणि तयारीवाचून मरण्याची अधिक आहे. पश्चात्ताप, क्षमायाचना, मृत्युपत्र, देणेकऱ्यांची फेड, हे सारे उरकायला अवधी मिळावा, एवढीच ती मागणी. अवधी मिळाला नाही तर मागे राहिलेले सहकारी मृताच्या सामानाची यादी करत, कपडालत्ता लिलावात विकत आणि आलेली रक्कम त्याच्या नावे जमा धरत.

या वातावरणातून ते मजकूर आले. वखारीचा अध्यक्ष फ्रान्सिस ब्रेटन २१ जुलै १६४९ रोजी वारला. त्याचा लेख वाटसरूला, तो ख्रिस्ती असो वा अन्य कोणी, क्षणभर थांबायला सांगतो. पाच वर्षे त्याने कंपनीची चाकरी प्रामाणिकपणे केल्याचे नोंदवतो. आणि अविवाहित ब्रेटन स्वर्गातल्या लग्नाला गेला, असे म्हणून संपतो. दहा कुमारींचा दाखला ठाऊक असलेल्या वाचकाला इथे अधिक काही सांगावे लागत नसे. दार उघडे असताना हा पाहुणा पोहोचला, असा त्याचा भाव आहे.

त्याहून विलक्षण लेख ख्रिस्तोफर ऑक्झेंडेनचा आहे. तो १८ एप्रिल १६५९ रोजी मरण पावला. लेखात त्याचे वर्णन जगताना सचोटीचा आणि मरताना नश्वरतेचा दाखला असे येते. त्याच्या खात्यात वर्षे मांडली गेली नाहीत, दिवसच मांडता आले, कारण मृत्यूने त्याला अवचित हिशेबाला बोलावले. पुढे लेख थेट कंपनीच्या धन्यांकडे वळतो आणि नफा-तोटा काढून दाखवतो. धन्यांचा एक चाकर गेला, सोबत्यांचा सोबती गेला, त्याचा स्वतःचा प्राण गेला. खर्चाच्या बाजूला या तीन रकमा पडल्यावर जमेच्या बाजूला एकच नोंद येते, ती म्हणजे मरण हा त्याचा लाभ. पौलाने बंदिवासातून फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातले हे म्हणणे धर्मग्रंथाचा उल्लेखही न करता ताळेबंदात बसवले आहे. सतराव्या शतकातल्या हिंदुस्थानात एखादा पेशा आणि एखादी श्रद्धा इतक्या चपखलपणे एकत्र आलेली क्वचितच दिसते.

पाच वर्षांनी संपत्तीच्या क्षणभंगुरतेचा प्रत्यय साऱ्या शहराला आला. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. त्या काळच्या जगातल्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांत गणल्या जाणाऱ्या वीरजी वोरांची हवेली आणि हाजी झाहिद बेग याचा वाडा रिकामा झाला. लूकच्या दाखल्यात कोठारे राहतात आणि माणूस जातो. वीरजी वोरांच्या बाबतीत माणूस वाचला आणि कोठारे गेली. वखारीचा पाद्री लेस्कॅलियट याने त्याच महिन्यात या घटनेचे तपशीलवार पत्र नॉर्विचचा वैद्य थॉमस ब्राउन याला धाडले. हा ब्राउन म्हणजे जमिनीत सापडलेल्या अस्थिकलशांवरून मरण, स्मृती आणि थडग्यांचा फोलपणा यांवर १६५८ मध्ये ग्रंथ लिहिणारा लेखक. सुरतेची बातमी तिचे मोल नेमके जाणणाऱ्या माणसाकडे गेली.

ब्राउनने ज्या फोलपणाविषयी लिहिले होते, तो मात्र सुरतेत वाढतच गेला. लुटीच्या वेळी वखार राखणारा जॉर्ज ऑक्झेंडेन १४ जुलै १६६९ रोजी वारला आणि भाऊ ख्रिस्तोफर याच्याशेजारी विसावला. एकावर एक दोन घुमटांची सुमारे चाळीस फूट उंचीची वास्तू तिथे उभी राहिली. डचांनी त्यावर कडी केली. त्यांच्या कंपनीचा भ्रष्टाचार खणून काढण्यासाठी नेमलेला आयुक्त हेंड्रिक व्हान रीड डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेला येताना जहाजावरच वारला. मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांच्या ग्रंथाचा तो कर्ता. इतरांच्या वह्या तपासत फिरणाऱ्या या माणसाची स्वतःची वही वाटेतच मिटली. त्याच्यावर उभारलेल्या दुमजली घुमटाच्या केवळ डागडुजीपोटी डच कंपनीच्या नावे सहा हजार रुपये पडल्याची नोंद आहे. भिंतींवर शास्त्रवचने होती खरी, पण इमारत वेगळेच बोलते: इंग्रजांहून मोठे दिसण्याची ती ईर्षा होती. उलट मुंबईची घडी बसवणारा जेराल्ड औंजियर ३० जून १६७७ रोजी सुरतेतच वारला आणि त्याची कबर दीर्घकाळ अनोळखी राहिली.

या लेखांची एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. ब्रेटनचा दगड कोणालाही थांबायला सांगतो, पण तो बोलतो लॅटिन. कतारगावच्या वाटेने जाणारा विणकर, गाडीवान किंवा दिवाळीला चोपडापूजन करणारा वाणी यांच्यापर्यंत त्यातले अक्षरही पोहोचले नाही. ज्या शहराला हिशेबाची भाषा सर्वांत जास्त कळत होती, त्याच शहरापासून ही शिकवण दोनशे वर्षे वखारीच्या भिंतीआड राहिली. १८१५ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी सुरतेत आले, त्यांनी छापखाना घातला आणि १८२० च्या दशकाच्या आरंभी गुजराती बायबल छापून काढले. स्किनर १८२१ मध्येच वारला. चाळीसच्या दशकात सुरतेचे काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. दहा कुमारी आणि मूर्ख धनवान हे दाखले सुरतेच्या रहिवाशांनी स्वतःच्या भाषेत वाचले ते या गुजराती बायबलातून.

इंग्रज, डच आणि आर्मेनियन या तिन्ही कबरस्तानांची गणना आज पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत होते. पाहायला येणारा साहजिकच सर्वांत उंच घुमटाकडे वळतो. त्याने आधी ख्रिस्तोफर ऑक्झेंडेनच्या लेखाचा मजकूर वाचावा. १८७७ च्या मुंबई गॅझेटियरच्या दुसऱ्या खंडात, सुरतेच्या वर्णनात, तो इंग्रजी अनुवादात मिळतो.