पाचगणीचा फारोख

रुडी डोलेझल व हानेस रोसाकर यांनी २००० साली काढलेला, पॉपगायक फ्रेडी मर्क्युरी याच्या जीवनावरील माहितीपट पाहताना आपण थेट सह्याद्रीवर येऊन पोहोचतो. पेणहून महाड-पोलादपूरमार्गे आंबेनळी घाट चढला, की महाबळेश्वरापुढे पाचगणी. तेथील सेंट पीटर्स या वसतिशाळेत झांझिबारच्या एका पारशी रोखपालाचा आठ वर्षांचा मुलगा, फारोख बुलसारा, १९५५ साली दाखल झाला. आईवडील समुद्रापलीकडे! येथेच तो पियानो शिकला, गायनवृंदात गायला आणि चार सवंगड्यांसह ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद काढला.

१९६४ च्या झांझिबार क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले. १९७० मध्ये ‘क्वीन’ उभा राहिला. पुढील वैभव सर्वश्रुत आहे, त्यावर शाई खर्चीत नाही.

मनाला चटका लावतो तो शेवट. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपणांस एड्स झाल्याचे जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी तो वारला. वय अवघे ४५. त्या काळी या रोगाचे नाव घेताना माणसे आवाज खाली करीत. आपली धर्मग्रामे त्यास अपवाद नव्हती. हजारोंसमोर निःसंकोच गाणाऱ्यालाही एवढे एक वाक्य उच्चारण्यास अखेरची घटका गाठावी लागली. बुलसारा हे नाव त्याने केव्हाच मागे टाकले होते. अंत्यविधी मात्र लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनीच केला, आणि त्याचे वृद्ध मातापिता तेथे उपस्थित होते.