ड्रिलने स्ट्रोक सुधारतो का?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला, की नंदनवन भागातली मुलंही पोहण्याच्या उन्हाळी वर्गांना निघतात. थोड्याच दिवसांत पालक विचारू लागतात : नुसती ड्रिल्स चालली आहेत, मुलगा पोहणार कधी? प्रश्न रास्त आहे. ‘ड्रिल चांगलंच असतं’ एवढ्या उत्तराने तो सुटत नाही. ड्रिल नेमकं काय सुधारतं आणि कुठे आडवं येतं, हे वेगवेगळं तपासायला हवं.

स्ट्रोकमधला एखादा भाग सुटा काढून, किंवा मुद्दाम अडचण घालून केलेला सराव म्हणजे ड्रिल. पाण्यात त्याची गरज का भासते? पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे आणि त्याचा अवरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की अवरोध चौपट होतो. त्यामुळे जोर वाढवण्यापेक्षा शरीर आडवं आणि सरळ ठेवणं कितीतरी फायद्याचं ठरतं. श्वासासाठी डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, मग कितीही हातपाय मारले तरी मूल पुढे सरकत नाही. डोकं, श्वास, कोपर, किक या सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष देणं नवशिक्याला जमत नाही. एक हात पुढे ताणून, दुसरा मांडीला लावून, कुशीवर राहून फक्त किक मारायला लावली, की त्याला एकट्या श्वासाकडे लक्ष देता येतं. नवशिक्यासाठी ड्रिलचा हा फायदा मला निर्विवाद वाटतो.

पोहणं जमलेल्याला ड्रिल वेगळ्या तऱ्हेने उपयोगी पडतं. मुठी वळून २५ मीटर फ्रीस्टाइल पोहून पाहा. तळहाताचा आधार गेलेला असतो, त्यामुळे पाणी धरायला मनगटापासून कोपरापर्यंतचा हात वापरावाच लागतो आणि कोपर खाली पडलं तर हात नुसता घसरतो. त्यानंतर लगेच पंजा उघडून तेवढंच अंतर पोहलं, की पाण्याची पकड एकदम भक्कम जाणवते. ही जाणीव शब्दांनी देता येत नाही. पण ती टिकतेही थोडाच वेळ. म्हणून ड्रिलनंतरचा पूर्ण स्ट्रोकचा लॅप ड्रिलइतकाच महत्त्वाचा आहे. आणि नेमका तोच वगळला जातो.

इथून ड्रिलची मर्यादा सुरू होते. फ्रेंच संशोधक दिदिए शोले आणि सहकाऱ्यांनी २००० साली फ्रीस्टाइलमधल्या दोन हातांचा मेळ मोजण्याचा निर्देशांक मांडला. संथ पोहताना एका हाताचा जोर संपणं आणि दुसऱ्याचा सुरू होणं यांत मोकळा वेळ राहतो. वेग वाढतो तसा तो वेळ कमी होत जातो. ‘कॅच-अप’ ड्रिलमध्ये मात्र एक हात पुढे थांबून दुसऱ्याची वाट पाहतो, म्हणजे हा मोकळा वेळ मुद्दाम वाढवला जातो. शरीर लांब ताणायला शिकवण्यासाठी ते ठीक आहे, पण ५० मीटरच्या स्पर्धकाकडून तेच महिनोन् महिने घोटून घेतलं, तर शर्यतीत नको असलेली लय अंगात मुरते.

दुसरा धोका एकसुरीपणाचा. संशोधक शी आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर प्रयोग केला. एकच हालचाल सलग घोटणाऱ्यांची सरावात प्रगती चटकन दिसली, पण नंतरच्या चाचणीत हालचाली आलटून पालटून करणारे सरस ठरले. हा प्रयोग पाण्यातला नव्हता, तरी ड्रिल सफाईने जमलं म्हणजे स्ट्रोक सुधारला, असं मानू नये, एवढा इशारा त्यातून नक्की मिळतो. सूचनेचे शब्दही परिणाम करतात. पोहणाऱ्यांवरच्या अभ्यासांत ‘हात मागे खेच’ यापेक्षा ‘पाणी मागे ढकल’ या सूचनेवर वेग अधिक मिळालेला दिसला आहे.

पाण्याची जाणीव किती मोलाची, हे अंध जलतरणपटूंकडे पाहून कळतं. नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर वैयक्तिक मिडलेचं सुवर्णपदक जिंकलं. गट होता एसएम-११, म्हणजे पूर्ण किंवा जवळपास पूर्ण अंधत्वाचा. या गटात सर्वांना काळे गॉगल्स लावावे लागतात आणि भिंत जवळ आल्याची खूण काठावरून मऊ टोकाच्या काठीने अंगाला स्पर्श करून दिली जाते. मिडलेत बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्ट स्ट्रोक आणि फ्रीस्टाइल असे चारही स्ट्रोक लागतात. दुसऱ्याचा हात पाहून नक्कल करण्याची सोय या गटातल्या कुणालाही नसते. स्ट्रोक शिकायचा तो स्पर्शातून, शब्दांतून आणि पाण्याच्या दाबातून. डोळस पोहणाऱ्यालाही पाण्याखाली स्वतःचं कोपर नीट दिसत नाही, त्यामुळे ड्रिलमधून मिळणारी जाणीव त्यालाही तितकीच मोलाची आहे.

माझा निष्कर्ष असा : ड्रिल स्ट्रोक सुधारतं, पण ते एका ठरावीक दोषासाठी दिलेलं असेल, थोडाच वेळ केलेलं असेल आणि लगेच पूर्ण स्ट्रोकला जोडलेलं असेल तरच. पालकांनी प्रशिक्षकांना दोनच गोष्टी विचाराव्यात. हे ड्रिल कोणत्या दोषासाठी आहे, आणि महिन्याभरापूर्वी २५ मीटरला किती हात आणि किती सेकंद लागत होते व आता किती लागतात. तेवढ्याच वेळात हात कमी लागत असतील, तर ड्रिल चालू ठेवावं, नाहीतर बदलायला सांगावं.