तांबड्या मातीतलं तेल

तीन वर्षांपूर्वी पुण्यातली खोली सोडून वर्क फ्रॉम होमसाठी कोल्हापूरला परत आलो, तेव्हा माझी मान उजवीकडे वळत नव्हती. कॉलवर कुणी उजवीकडून हाक मारली की मी खुर्चीसकट वळायचो. घरात सगळे हसायचे. आबा, म्हणजे माझे आजोबा, हसले नाहीत. ते म्हणाले, "पोक काढून दिसभर बसतोस, मान काय करंल? तालमीत चल, रगडून घे."

त्याआधी मी पैसे खर्च करून बरंच काही करून बसलो होतो. ॲपवरून माणूस बोलावला, मॉलमधल्या एका स्पामध्ये 'डीप टिश्यू' घेतलं, तिथे मंद बासरी लावून मला पाऊण तास झोपवलं. उठलो तेव्हा मान तशीच, वर एक दिवस जास्त दुखली. तालमीची मात्र लाज वाटत होती. मी आयुष्यात कधी लंगोट बांधलेला नाही. कोल्हापुरात वाढलेल्या मुलाने हे कबूल करणं म्हणजे पांढरा रस्सा आवडत नाही असं सांगण्यासारखं आहे.

शेवटी गेलो. पहाटेची मेहनत संपत आली होती. जोर-बैठका, मग हौद्यात लढती, आणि त्यानंतर पोरं भिंतीकडेला अंग टाकून पडलेली. हौद्यातली माती नुसती माती नसते. तांबडी माती चाळून तिच्यात हळद, काव, तेल, ताक, लिंबू, कापूर मिसळतात आणि ती रोज खणून मऊ ठेवतात. लढतीआधी अंगाला तेल चालत नाही, पकड निसटते. तेव्हा पैलवान उलट मातीच चोळतो, घाम टिपला जावा म्हणून. तेल येतं ते नंतर.

एका सत्तरीतल्या वस्तादांनी मला पालथं पाडलं. आधी तळव्याने लांब लांब चोळलं, मग बोटांनी खांद्याचा स्नायू कणीक मळावी तसा मळला, मग कोपराने पाठीच्या कण्याशेजारून इतक्या सावकाश खाली आले की मी आईची आठवण काढली. शेवटी एका पोराला सांगितलं, तुडव. तो माझ्या मांड्यांवर उभा राहिला. वजन एकदम टाकत नव्हता, एक हात भिंतीला लावून तोलत होता. मणक्यावर पाय ठेवायचा नाही, गुडघ्याच्या मागच्या खळग्यात दाबायचं नाही, हे वस्ताद त्याला दर मिनिटाला बजावत होते. मान लगेच बरी झाली नाही, पण तिसऱ्या आठवड्यात खुर्ची न फिरवता उजवीकडे बघता आलं. खरं तर त्याच दिवसांत मी स्क्रीनही डोळ्यांच्या उंचीवर आणली होती, त्यामुळे श्रेय कुणाचं ते सांगता येत नाही.

मग सवयीप्रमाणे मी वाचायला लागलो.

अभ्यंगाचा उल्लेख चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहे आणि तिथली उपमा कुठल्याही मेकॅनिकल इंजिनिअरला आवडेल अशी आहे. तेलाने जसा घडा, कातडं आणि गाडीचा आस टिकतो, तसं अंग टिकतं. अष्टांगहृदयात तर रोज करा म्हटलंय, पण अजीर्ण झालेल्याने करू नये हेही लगेच सांगितलंय. तेलाचं चोळणं वेगळं, कोरड्या चूर्णाने घासणं, म्हणजे उद्वर्तन वेगळं. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आपण आधी तेल आणि मग उटणं लावतो, त्यात हे दोन्ही एकापाठोपाठ येतात.

आपल्या भागाच्या जवळचा पुरावा बाराव्या शतकातला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाचे वीस उपभोग दिलेत. त्यात स्नानभोग आहे आणि पादाभ्यंग, म्हणजे पायाला तेल चोळून घेणं, हा वेगळा उपभोग आहे. याच ग्रंथात मल्लविनोद नावाचं कुस्तीवरचं प्रकरणही आहे. कोल्हापुरावर तेव्हा चालुक्यांचे मांडलिक शिलाहार राज्य करत होते. म्हणजे कुस्ती आणि मालीश दोन्ही इथे जुनी. फरक एवढाच की पोथीत चोळून घेणारा राजा आहे. चोळणाऱ्याचं नाव नाही.

चोळणाऱ्या एकाचं नाव मात्र जगाला माहीत आहे. पाटण्यात 1759 मध्ये जन्मलेला दीन महंमद इंग्लंडला पोचला आणि 1814 च्या सुमारास ब्रायटनला वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली. संधिवाताचे श्रीमंत रोगी रांग लावायचे. चौथ्या जॉर्ज राजाने त्याला आपला 'शॅम्पूइंग सर्जन' नेमलं. शॅम्पू हा शब्द 'चाँपना'वरून इंग्रजीत गेला. आपलं पाय 'चेपणं' त्याच घरातलं वाटतं. आज आपण बाटलीतला फेस म्हणजे शॅम्पू समजतो, त्यातला हात गळून गेला.

युरोपात पुढे योहान मेत्सखर या डच डॉक्टरच्या पंथाने मालिशीचे प्रकार ठरवून त्यांना फ्रेंच नावं दिली: लांब चोळणं, मळणं, घासणं, थोपटणं. स्पाच्या मेन्यूत 'स्वीडिश' म्हणून जे छापलेलं असतं ते बरचसं हेच. वस्तादांनी माझ्या पाठीवर पहिल्या दहा मिनिटांत यातले दोन-तीन केले होते, नावं न घेता. केरळात कळरीच्या गुरूंकडे दोराला धरून पायाने मालीश करण्याची रीतसर परंपरा आहे. आपल्याकडे तिला तुडवणं म्हणतात आणि विषय संपतो. आपण नावं ठेवण्यात कच्चे आहोत, हा माझा आक्षेप आहे.

1894 मध्ये लंडनमध्ये चार स्त्रियांनी प्रशिक्षित मालीशवाल्यांची संस्था काढली. कारण असं की मसाजच्या नावाखाली वेश्यागृहं चालतात अशी ओरड झाली होती आणि या बायकांना आपला धंदा स्वच्छ, शिकलेला आणि परीक्षा देऊन आलेला आहे हे दाखवायचं होतं. त्याच संस्थेतून पुढे ब्रिटनची फिजिओथेरपीची मुख्य संस्था उभी राहिली. आजही 'मसाज पार्लर' म्हटलं की आपल्या ग्रुपवर जे इमोजी पडतात, ते त्या ओरडीचंच शेपूट आहे.

त्याच 1894 साली कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराज आले. स्वतः अंगापिंडाने दांडगे, कुस्तीचे वेडे. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले, येताना रोमचं कलोझियम पाहिलं, आणि त्या धर्तीवर 1912 मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं. मधला आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक, कुठूनही लढत दिसते. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी, काळा इमाम, मठ अशा तालमींत देशभरातून पैलवान येऊन राहिले. 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1959 चा पहिला हिंद केसरी किताब जिंकणारे श्रीपती खंचनाळे इथल्याच मातीत तयार झालेले.

हे सगळं कोल्हापुरात प्रत्येकाला पाठ असतं. मला अडकवलं ते शाहूंच्या चरित्रांतल्या एका छोट्या नोंदीने. महाराजांनी अस्पृश्य जातींतल्या पैलवानांना 'जाठ', 'सरदार', 'पंडित' अशी नावं लावून दिली. कुस्ती म्हणजे अंगाला अंग, घामात घाम. जातीचं नाव पुकारलं तर समोरचा पैलवान लढायला उतरणार नाही, म्हणून नाव बदललं. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात बसून जाहीर चहा पिणारा हा राजा, त्यालाही आखाड्यात असा वळसा घ्यावा लागला.

मी हे आबांना वाचून दाखवलं. आबा पन्नासच्या दशकात तालमीत होते. रविवारी त्यांच्या पायाला तेल लावायचं काम आता माझ्याकडे आहे; वस्तादांकडून दोन-चार गोष्टी शिकून घेतल्यात. त्यांनी कधी आम्हा नातवंडांना मिठी मारल्याचं आठवत नाही. आमचा स्पर्श हा एवढाच, वाटीतलं कोमट तिळाचं तेल आणि त्यांच्या पोटऱ्या.

तेल लावताना मी त्यांना अभ्यासही सांगतो. 2012 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली, मग एकाच पायाला दहा मिनिटं मालीश केलं आणि दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे कण तपासले. मालीश केलेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी दिसले, पेशींतली ऊर्जाकेंद्रं वाढण्याचे संकेत जास्त. पण लॅक्टिक ॲसिड 'धुऊन निघतं' हे जे जिमवाले सांगतात, ते दिसलं नाही. इतर अभ्यास एकत्र केले तर मालिशीने व्यायामानंतरचं दुखणं थोडं कमी होतं, लवचिकता थोडी वाढते, पण ताकद किंवा वेग वाढत नाही. बाळांचा पुरावा मला जास्त भारी वाटला. 1986 च्या एका अमेरिकी अभ्यासात वेळेआधी जन्मलेल्या बाळांना दहा दिवस, रोज तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं चोळलं. त्यांचं वजन बाकीच्या बाळांपेक्षा रोज 47 टक्के जास्त वाढलं. बाळंतिणीच्या घरी तेल लावायला येणाऱ्या बाईला हा आकडा सांगायला हवा, म्हणजे ती तरी पगार वाढवून मागेल.

आबांनी सायकलवाल्या पोरांत रस घेतला नाही. जाठ, सरदारवर मात्र ते गप्प झाले. मग म्हणाले, "आमच्याकडंबी एक हुता."

तो पोरगा त्यांच्याच वजनगटातला. हौद्यात दोघे रोज धरायचे. त्याची ढाक आबांना कधी सुटली नाही. त्याची माती आबांच्या तोंडात, आबांची त्याच्या डोळ्यांत. मेहनत संपली की पोरं जोड्या करून एकमेकांना रगडायची. धाकट्याने थोरल्याला, मग बरोबरीच्यांनी एकमेकांना. पैसे नाहीत, नोकर नाही, तालमीचा तो नियमच. तो पोरगा तेवढ्या वेळी कोपऱ्यात बसून स्वतःच्या पोटऱ्या स्वतःच चोळायचा. पाठीला हात पोचत नसे. पाठ तो भिंतीला घासायचा.

"कुणी बोललं न्हाई त्याला, तिकडं बस म्हणून," आबा म्हणाले. "वस्तादबी न्हाई."

"मग तुम्ही का नाही रगडलंत?"

त्यांनी पाय मागे घेतला. मला वाटलं दाब जास्त झाला. थोड्या वेळाने पाय परत पुढे केला आणि म्हणाले, "हौद्यात हुकूम हुता. बाहीर कुणाचा हुकूम नव्हता."

मी नाव विचारलं. म्हणाले, सगळे बुट्ट्या म्हणायचे.

"आडनाव?"

"इचारलं न्हाई कधी. ठावंच हुतं की सगळ्यांना."

मग डावा पाय पुढे केला आणि सांगितलं, घोट्यापासून वर चोळ, तेल आता गार झालंय, वाटी जरा गरम करून आण.